९ वर्षे, ११ गाणी आणि १,८४,००० रुपये: आमच्या रॉक बॅन्डने पुढे काय करावे?

तलावपाळी

नमस्कार. आमचा चौघांचा रॉक बॅन्ड येत्या जूनमध्ये ९ वर्षांचा होईल. मी गिटार वाजवतो आणि आम्ही चौघेही नोकरदार आहोत. दर शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या गाळ्यात आमची तालीम असते. आजवर आम्ही स्वतःची ११ गाणी बसवली, त्यांपैकी ७ मराठी आणि ४ इंग्रजी आहेत. महाविद्यालयांचे महोत्सव, मुंबईतले तीन-चार क्लब, दोनदा पुणे आणि एकदा एका मॉलच्या तळमजल्यावर सरकत्या जिन्याशेजारी, एवढा आमचा संचार आहे. मिळालेल्या मानधनातून प्रवास आणि गाळ्याचे भाडे वजा जाता जे उरले, ते आम्ही कधीच वाटून घेतले नाही. आमच्या बेसवादकाने स्वतःच्या नावावर त्यासाठी वेगळे खाते काढले असून त्यात आज १,८४,००० रुपये आहेत.

अडचण अशी की आमच्या ड्रमरची बदली झाली आहे आणि ऑगस्टअखेर तो बेंगळुरूला जाईल. दोघांचे म्हणणे आहे की हे पैसे ८ गाण्यांचा अल्बम नीट ध्वनिमुद्रित करण्यासाठी खर्चावेत. उरलेल्या दोघांच्या मते आज सलग अल्बम कोणी ऐकत नाही, तेव्हा ड्रमर जाण्यापूर्वी ५ शहरांचा दौरा करावा आणि दोन व्हिडिओ काढावेत. मत दोन-दोन असे अडले आहे. त्यामागचा खरा प्रश्न मात्र असा की या ९ वर्षांना कारकीर्द म्हणायचे की छंद? माझ्या लग्नाच्या बोलण्यांमध्ये आई बॅन्डचा विषय 'त्याला गाण्याची आवड आहे' एवढ्यावर आवरते आणि पोह्यांची बशी पुढे करते.

नेरूळ_पश्चिम

माझ्या घरापासून डी. वाय. पाटील स्टेडियम चालत वीस मिनिटांवर आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तिथे यू-टू हा आयरिश बॅन्ड वाजवून गेला आणि २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. पामबीच रस्त्यावर तेव्हा मुंगीलाही वाट नव्हती. त्याच नेरूळमध्ये स्थानिक बॅन्डला दीडशे माणसांसमोर वाजवायला जागा शोधावी लागते आणि ती सापडत नाही. नवी मुंबईत रॉकला श्रोते नाहीत असे कोणी म्हणाले की मला त्या रात्रीची गर्दी आठवते.

जुना_रसिक

तलावपाळी, छंद की कारकीर्द हा प्रश्न आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीही होता. १९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, तेव्हा आम्ही ठाण्याहून व्हीटीला उतरून चालत जात असू. त्या मंचावर येणारे बहुतेक बॅन्ड परदेशी गाणी हुबेहूब वाजवत आणि हुबेहूबपणालाच टाळ्या पडत. कोणी 'हे आमचे स्वतःचे गाणे' असे जाहीर केले की निम्मे लोक वडापाव आणायला उठत. त्यांच्यात मीही असे, हे आज कबूल करतो.

अशा काळात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या रॉक मशीन या बॅन्डने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले, १९९७ मध्ये बॅन्ड फुटला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. मधली तेरा वर्षे बॅन्ड अस्तित्वात नव्हता, तरी परत येता आले, कारण परत येण्यासाठी लोकांच्या घरात काहीतरी ठेवलेले होते. माझ्याकडे त्यांची कॅसेट अजून आहे. ती आता रडल्यासारखी वाजते, पण वाजते. तेव्हा माझे मत अल्बमच्या बाजूने.

सातवा_फ्रेट

जुना_रसिक काकांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. दिल्लीचा परिक्रमा बॅन्ड १९९१ पासून वाजवतो आहे. अल्बमच्या मागे न लागता त्यांनी गाणी लोकांना फुकट वाटली आणि नाव कमावले ते मंचावर. २००७ मध्ये बेंगळुरूला आयर्न मेडन या ब्रिटिश बॅन्डच्या आधी वाजवण्याचा मान त्यांना मिळाला, तो कपाटातल्या तबकड्यांमुळे नव्हे. ज्या बॅन्डला मुंबई, ठाणे आणि पुणे यांपलीकडे कोणी ऐकलेले नाही, त्याने आधी पाच शहरांत तोंड दाखवावे आणि मग अल्बमचे पाहावे.

हातगाडी

पाच शहरे आणि चौघांची तिकिटे म्हणजे १,८४,००० पैकी किती उरतील याचा हिशेब सातवा_फ्रेट यांनी केलेला दिसत नाही. आम्ही २०१७ मध्ये तीन शहरांचा दौरा केला होता. एका ठिकाणी ठरलेले मानधन 'गर्दी झाली तर' या अटीवर होते आणि ती अट आम्हाला गर्दी न झाल्यावर कळली. परतीच्या प्रवासात चौघांत मिळून दोन वडापाव होते. मंचावरचा अनुभव लाखमोलाचा असतो, पण तो उधारीवर मिळत नाही.

गाळा_क्रमांक_७

मी असाच एक गाळा चालवतो, त्यामुळे गेल्या चौदा वर्षांत किती बॅन्ड आले आणि गेले हे मला भाड्याच्या वहीवरून सांगता येते. श्रोते मिळाले नाहीत म्हणून बंद पडलेला बॅन्ड त्या वहीत क्वचितच सापडेल. बहुतेक बॅन्ड एका माणसाच्या बदलीने, लग्नाने किंवा पुढच्या शिक्षणाने थांबले आणि जाणाऱ्या माणसाबरोबर त्याचे वाजवणेही गेले, कारण ते कुठेच साठवलेले नव्हते.

तलावपाळी, तुम्ही अल्बम की दौरा असा प्रश्न मांडला आहे, पण तुमच्यापुढे आज एवढाच प्रश्न आहे की ऑगस्टनंतर कोणती गोष्ट करता येणार नाही. गिटार आणि बेस घरी, संगणकाला थेट जोडून, पुढच्या वर्षीही मुद्रित करता येतील. गायकाने कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभे राहून गायले तरी आवाज बऱ्यापैकी कोरडा, म्हणजे खोलीच्या घुमाऱ्याशिवाय, मिळतो. ड्रम्सचे तसे नाही. त्यांना खोली लागते, आठ-दहा माइक लागतात आणि मुख्य म्हणजे तो ड्रमर लागतो. तेव्हा आता फक्त ड्रम्स मुद्रित करून घ्या. गाण्यांची लय ठरवून क्लिक ट्रॅक (वाजवताना कानात लय देणारी टकटक) आणि कच्ची गिटार घरून तयार करून न्या, ड्रम्सवर नवी हेड्स, म्हणजे वरचे ताणलेले पडदे, चढवा आणि एक पूर्ण दिवस केवळ सूर लावण्यात व माइक जागेवर बसवण्यात घालवा. मुद्रण सुरू असताना एसी आणि पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून टॉवेल आणि दुसरा शर्ट बरोबर असू द्या. पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रमचा घुमारा आवरायला आत एक उशी ठेवावी. ती जुनी, कापसाची आणि जड असेल तर उत्तम. या दोन-तीन दिवसांचा खर्च तुमच्या रकमेच्या चौथ्या हिश्शात भागेल. बाकीचे भांडण नंतर सावकाश करा.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून आवाज बाहेर जाणे थांबत नाही, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. दर महिन्याला कोणी ना कोणी ते घेऊन येतोच. ट्रेमुळे आतल्या चढ्या सुरांचा थोडा झणका कमी होतो एवढेच. किक आणि बेस भिंतीतून जसेच्या तसे शेजारी जातात आणि शेजारच्या प्रेस मशीनचा धडधडाट त्याच वाटेने आत येतो. आमच्याकडे एका मुलाच्या हळुवार गाण्यात दर चार सेकंदांनी 'धप्' ऐकू येते. तो ते हृदयाचे ठोके म्हणून सांगतो.

वरच्या_मजल्यावरचा

गाळा_क्रमांक_७ यांनी ट्रेबद्दल सांगितले ते बरे झाले, कारण आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या मुलाने सगळ्या खोलीला ट्रे लावले आहेत आणि त्याचा त्यावर गाढ विश्वास आहे. मी सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे तक्रारी माझ्याकडे येतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी त्याला कागदावर दिले. त्याने मला विचारले की नवरात्रात ही मर्यादा कुठे असते. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला परवानगी देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण ती वेळेची सूट आहे, कितीही मोठ्याने वाजवण्याची नव्हे. असे उत्तर मी दिले खरे, मात्र ते देताना माझाच आवाज थोडा खाली गेला.

जुना_रसिक

रंगभवनाचेही तेच झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि रुग्णालये जवळ, त्यामुळे शांतता क्षेत्र लागू झाले आणि तिथला मोठ्या आवाजाचा काळ संपला. रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काहीच नाही, पण तशी दुसरी उघडी, स्वस्त आणि स्टेशनजवळची जागा मात्र कोणी दिली नाही. पुढे रॉक क्लबांत गेले आणि खिशात शंभर रुपये असलेला विद्यार्थी दारातच अडला.

शेवटची_लोकल

सगळे जण आवाजाबद्दल आणि पैशाबद्दल बोलत आहेत, म्हणून बॅन्ड खरोखर कसा फुटतो ते सांगते. वाशीतल्या एका बॅन्डमध्ये मी सहा वर्षे बेस वाजवला आणि गायले. ट्रान्सहार्बरची शेवटची गाडी पकडायची म्हणून शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सुरावर जॅक काढून मी अनेकदा पळालेली आहे. त्यावरूनच हे टोपणनाव. हे कष्ट मला कधी जाचले नाहीत.

एके दिवशी एका जाहिरात संस्थेकडून पाच ओळींचा ईमेल आला. आमच्या एका गाण्याचा सुरुवातीचा तुकडा त्यांना हवा होता आणि दोन दिवसांत उत्तर अपेक्षित होते. ईमेलमध्ये एकच प्रश्न होता: या संगीताचे मालक कोण? तो तुकडा माझ्या बेसच्या चार मात्रांवर उभा होता, पण ऑनलाइन टाकताना गिटारवादकाने संगीतकार म्हणून स्वतःचे एकट्याचे नाव भरले होते. त्याने ते कपटाने केले असे मला आजही वाटत नाही. रकाना एक होता, त्याने एक नाव भरले. आम्ही तीन आठवडे भांडलो, संस्थेने तेवढ्यात दुसरे संगीत घेतले आणि चार महिन्यांनी आमचा व्हॉट्सॲप गट फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरला. अमेरिकेच्या आर.ई.एम. या बॅन्डने आपल्या गाण्यांचे श्रेय चौघांच्या नावे समान ठेवले होते आणि तो बॅन्ड १९८० ते २०११ इतका टिकला, हे मी फार उशिरा वाचले.

तलावपाळी, तुमच्या ११ गाण्यांचे मालक कोण आहेत?

तलावपाळी

शेवटची_लोकल, आपला प्रश्न मी आमच्या गटावर जसाच्या तसा टाकला. दोन तासांत चार वेगवेगळी उत्तरे आली आहेत. त्यांतले एक 'हसणारा चेहरा' एवढेच आहे आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

हिशेबनीस

मी वाशीत सनदी लेखापाल आहे. आपल्या धाग्यातली सर्वांत धोक्याची ओळ सगळ्यांनी ओलांडून टाकली: 'बेसवादकाने स्वतःच्या नावावर खाते काढले'. याचा अर्थ ९ वर्षे चौघांचे उत्पन्न एका माणसाच्या पॅनवर जमा होते आहे, आयोजकांनी कापलेला टीडीएस त्याच्याच आयकराच्या २६एएस या विवरणात दिसतो आहे आणि कर आकारला गेला असेल तर तोही त्यानेच भरला आहे. त्याला आधी चहा पाजा आणि मग एक साधा भागीदारी करार करून बॅन्डच्या नावाने पॅन व खाते काढा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात, वेगळे काही ठरलेले नसेल तर, नफा-तोटा समान धरतात. समान वाटा नको असेल तर तो लिहूनच ठेवावा लागेल.

शेवटची_लोकल यांच्या प्रकरणात दोन वेगळे हक्क एकत्र झाले होते. गाण्याचे शब्द आणि चाल हा एक हक्क आणि त्याचे विशिष्ट ध्वनिमुद्रण हा दुसरा. मुद्रण बॅन्डच्या पैशातून झाले तर ते बॅन्डचे, असे लिहून ठेवता येते; चालीचे श्रेय मात्र ती बांधणाऱ्यांचे आणि त्यात कोण कोण होते हे चौघांनी तालमीच्या खोलीतच ठरवले पाहिजे, कारण बाहेरच्या कोणालाही ते कळणे शक्य नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही सोडून देता येत नाही, पण संगीतकार म्हणून नावच नसेल तर कायदा काय राखणार? शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल बांधणाऱ्यांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचे सभासद व्हावे.

स्ट्रीमिंगच्या पैशावर मात्र घर बांधू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. मावशी, आत्या आणि कार्यालयातले सहकारी मिळून हा आकडा पार होत नाही, हे मी एका अशिलाच्या कागदांवरून सांगते.

ओवीबद्ध

पैशाचे झाले, आता गाण्याकडे येतो. ७ मराठी आणि ४ इंग्रजी हे प्रमाण वाचून आनंद झाला, पण मी असतो तर ती चार इंग्रजी गाणीही बाजूला ठेवली असती. कोलकात्याच्या मोहीनेर घोडागुली या बॅन्डने १९७५ मध्येच बंगालीत सुरुवात केली आणि केरळच्या अवियल बॅन्डचा मल्याळम अल्बम २००८ मध्ये आला. आपल्याकडे 'अभंग रिपोस्ट' या बॅन्डची मंडळी अभंग घेऊन आजच्या वाद्यांवर उभी राहतात आणि श्रोते शब्द आधीच पाठ असल्यासारखे गातात, कारण ते खरोखरच पाठ असतात.

सातवा_फ्रेट

ओवीबद्ध, अभंगांना सातशे वर्षांची तालीम मागे आहे. नव्या मराठी रॉक गाण्याला ती नसते. मी मराठीत लिहून पाहिले आहे. आपल्या वाक्याचे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे दर दोन ओळींनी 'आहे', 'नाही' किंवा 'गेले' यांवर येऊन आपटतो आणि चार कडव्यांत गाणे सरकारी अहवालासारखे ऐकू येऊ लागते.

ओवीबद्ध

मान्य, पण तो दोष भाषेचा नाही. ओवी आणि लावणी लिहिणाऱ्यांनी क्रियापद पुढे खेचले, मध्ये दडवले किंवा सरळ गाळले. मराठी ओळ बहुधा दीर्घ स्वरावर संपते, ही तर गायकाला मिळालेली देणगीच आहे. तो स्वर डिस्टॉर्शन लावून खरखरीत केलेल्या गिटारवर चार मात्रा ताणून पाहा. अडचण खरी असेल तर ती 'ळ'ची आहे, कारण ड्रमर जोरात असला की 'काळ' आणि 'काल' यांतला फरक मागच्या रांगेला कळत नाही.

हातगाडी

मागच्या रांगेला कळत नाही, कारण मागची रांग बिलाची वाट पाहत असते.

ताशेवाला

ड्रमर जाणार म्हणून सगळे हळहळत आहेत, पण त्या ड्रमरच्या बाजूने कोणीच लिहिले नाही. मी ड्रमर आहे. गणपतीच्या बेंजो पार्टीत ताशावर हात बसला, मग ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घेतल्या. माझे घर त्या सुपाऱ्यांवर चालते आणि रॉक बॅन्डमध्ये मी माझ्या पैशाने वाजवतो. झांजांची पिशवी, स्नेअर आणि पेडल घेऊन मी लोकलच्या मालडब्यात चढतो. तिथे मासळीच्या टोपल्यांशेजारी झांजा ठेवल्या की आठवडाभर त्यांना वास येतो. गिटारवादक पाठीला पिशवी लावून पहिल्या वर्गात बसतो आणि तालमीला माझ्यानंतर पोचतो. बेंगळुरूला गेलेला ड्रमर बॅन्डमधून गेला असे तुम्ही का धरता? त्याला विचारले का? दिल्लीच्या इंडियन ओशन बॅन्डने आपले गायक व तबलावादक असीम चक्रवर्ती यांच्या निधनानंतर, २०१० मध्ये, त्यांच्या आवाजातली गाणी असलेला अल्बम फुकट दिला आणि त्याला नाव दिले ते करोलबागेतल्या तालमीच्या घराच्या पत्त्याचे. माणूस नसतानाही त्याची जागा राखता येते. तुमचा तर विमानाने दीड-दोन तासांवर आहे.

तलावपाळी

दोन महिन्यांनी परत येतो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

ताशेवाला यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच रात्री आमच्या ड्रमरला फोन केला. त्याला कोणीही काही विचारले नव्हते, हे खरे निघाले. दौऱ्याचा आग्रह त्याचाच होता आणि त्यामागे एवढेच होते की आपल्याशिवाय अल्बम पुरा होईल, तेव्हा निदान पाच ठिकाणी तरी आपण वाजवून घ्यावे. तो पुढेही बॅन्डमध्येच आहे. वर्षातून दोन कार्यक्रम पुण्यात आणि एक बेंगळुरूला करायचा असे ठरले आहे, म्हणजे पाच शहरांचा दौरा दोन शहरांवर आला.

जुलैमध्ये आम्ही गाळा_क्रमांक_७ यांच्याच गाळ्यात तीन दिवस घेऊन ड्रम्स मुद्रित केले. पहिला दिवस सूर लावण्यातच गेला, आणि तसा तो जाईल असे गाळा_क्रमांक_७ यांनी सांगितले नसते तर आम्ही दुपारीच भांडलो असतो. आठांपैकी सात गाणी झाली. आठव्याची लय आम्ही घरी बसून जरा जलद ठरवली होती आणि क्लिक कानात आल्यावर कळले की ९ वर्षे ते गाणे आम्ही कडव्यात सावकाश आणि ध्रुवपदात घाईने वाजवत आलो आहोत. क्लिकवर ते नीट बसले, पण आमचे वाटेना. ते क्लिक काढून पुन्हा करायचे आहे.

करार एका पानाचा झाला आणि त्या पानाला तीन शनिवार लागले. शब्द ज्याचे त्याचे, चाल चौघांची, मुद्रण बॅन्डचे. 'चाल चौघांची' या दोन शब्दांसाठी मला माझ्या दोन गाण्यांवरचा एकट्याचा हक्क सोडावा लागला आणि मी तो फार मोठ्या मनाने सोडला असे लिहिणे खोटेपणाचे होईल. हसणारा चेहरा बेसवादकाचा होता. त्याने गेली चार वर्षे बॅन्डच्या पैशावरचा कर स्वतः भरला होता आणि कोणाला सांगितले नव्हते. ते पैसे त्याला परत दिले. ड्रम्सचा खर्च आणि हे वजा जाता खात्यात ९७,००० रुपये आहेत.

कारकीर्द की छंद, हे अजून ठरलेले नाही. परवा आलेल्या पाहुण्यांना मात्र आईने आपण होऊन सांगितले की त्यांचा चौघांचा करार झाला आहे. कशाचा, ते त्यांनी विचारले नाही.

शेवटची_लोकल

मोठ्या मनाने सोडला नाहीत, तरी सोडलात. पुण्याच्या कार्यक्रमाची तारीख इथे कळवा.

गाळा_क्रमांक_७

अभिनंदन. एक राहून गेले: किक ड्रममधली उशी तुमच्या ड्रमरच्या आईची असल्याचे समजते आणि त्या दोनदा फोन करून गेल्या आहेत. आठवे गाणे होईपर्यंत ती मला हलवता येणार नाही, कारण नवी उशी टाकली की बाकीच्या सात गाण्यांशी आवाज जुळायचा नाही. त्यांना हे तुमच्यापैकी कोणीतरी समजावून सांगा. मी सांगून पाहिले.